पाणी आलं की राज्य थांबतं

नव्या आवृत्तीत म्हणे चौघांना मिळून जाता येणार
मिठाच्या बुरुजाकडे.
सत्यमचा भिवंडीहून मेसेज, रात्री पावणेदोनला:
अक्का, आता मीपण येतो. काय म्हणतीस बे?

मी काहीच म्हटलं नाही.
दिवसभर टॉवेलांचे गठ्ठे मोजून
बोटांना अजून आकडे चिकटलेले,
आणि नावाडी काठावर उभा,
कंदील धरून, नेहमीसारखा.
तुझीच वाट बघत होतो, म्हणाला.
हे वाक्य त्याला कुणीतरी लिहून दिलंय,
इतकं कळतं मला.
तरी विडी घरकुलातल्या या दीड खोलीत
दुसरं कोण म्हणतं असं?
उद्या चौघं उतरलो काठावर
तर कुणाकडे बघून म्हणेल तो?

आणि पाण्याचं काय?
पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडे,
कधी पहाटे तीनला, कधी त्याच्याही आधी.
नळ अगोदर खोकतो,
मग गल्लीभर घागरी बोलायला लागतात.
मी एक बटण दाबते
आणि अख्खं राज्य थांबतं.
राक्षसाची कुऱ्हाड हवेत,
गळतं पान हवेत,
राणीचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडं.
दोन पिंपं, अकरा घागरी, अम्माची तांब्याची कळशी
भरून येते, ओले हात गाऊनला पुसते.
कुऱ्हाड असते तिथंच.
सबंध सोलापुरात माझ्यासाठी थांबते
ती एवढीच.
चौघांत कोण थांबणार?
नाशिकच्या कुठल्या पोराला काय ठाऊक
आमच्या नळाची वेळ?
तो लिहील, चल ना, लवकर,
आणि मला सुपरवायझर आठवेल.

अप्पांनी तीस वर्षं माग चालवले, एकट्यानं चार.
शेडमध्ये बोललेलं ऐकू यायचं नाही,
सगळे हातांनीच बोलायचे.
चहा म्हणजे ओठाशी अंगठा,
मालक आला म्हणजे मिशीवरून बोट.
घरी आले की तासभर भिंतीकडे तोंड करून पडायचे,
आम्ही पाय न वाजवता फिरायचो.
आता तशी भिंत मला हवी असते,
माझ्या भिंतीत एक दरी आहे, बर्फ आहे,
दमलेला घोडा आहे, एवढाच फरक.

हे सगळं सत्यमला लिहायला घेतलं
आणि मध्येच अडकले.
अशोक चौकातून जुना कॉम्प्युटर आणला होता आम्ही,
सायकलच्या कॅरिअरवर,
मॉनिटरला चादरीत बाळासारखा गुंडाळून.
कीबोर्ड माझ्या मांडीवर.
तो मागे, उशीवर कोपर टेकून,
कडक भाकरीच्या तुकड्यानं शेंगाचटणी खात:
अक्का, डावीकडं.
अक्का, पेटी राहिली बे.
अक्का, ह्याला नको मारू, रडायलाय तो.
तो चोर अजून जिवंत आहे,
किल्ल्याखालच्या बाजारात मीठ विकतो,
मी गेले की दोन मुठी जास्त घालतो.
डब्यावर छापलं होतं, खेळाडू एक.
छापणाऱ्याला आमची खोली कुठं माहीत?

चौथा नको, तिसरा नको.
तलवार घेऊन शेजारी धावणारा सत्यमसुद्धा
नको असेल मला कदाचित.
पाठीमागची ती उशी हवी.
तलवार नाही, गुण नाहीत, नकाशावर ठिपकासुद्धा नाही,
फक्त डावीकडं म्हणायची मुभा असलेला
असा एक जण.
कोणती कंपनी करून देईल हे?
आणि भिवंडीत रात्रपाळी करून आलेल्याला
नुसतं बघत बस म्हणायचं तरी कसं,
त्याचेही हात आता मोठे झालेत.

टाइप केलं: ये, पण

नळ खोकला.

बटण दाबलं.
नावाडी कंदील धरून थांबला,
मेसेज पणवर थांबला,
आणि मी घागर खाली सरकवली.